विलायतीचा मुतखडा

माझ्या सासूबाईंनी मला पुष्कळ गोष्टींबद्दल बोल लावले, आणि त्यातले निम्मे तरी खरे होते हे मी आज या वयात मान्य करते. माझ्या हातून दूध उतू जायचं, पोळीला कड जाड राहायची, आणि ओठांवर आलेलं उलट उत्तर गिळताना माझं तोंड वाकडं व्हायचं. पण रांगोळी सांडण्याचा बोल मात्र साफ खोटा होता. तो खोटा ठरवायला मला विलायतेच्या एका उंदराची साक्ष काढावी लागली.

उंदीर म्हणजे आपल्या कोठीतला नव्हे. साहेबलोक त्याला गिनीपिग म्हणतात. आमची स्वारी तेव्हा कल्याण स्टेशनात कामाला होती. तिथल्या एका साहेबाची मायदेशी परत जायची वेळ आली, तेव्हा त्याच्या मडमेनं टेबलं-खुर्च्या विकल्या, कुत्रं दुसऱ्या साहेबाच्या घरी दिलं आणि उरलेली दोन गिनीपिगं जाळीच्या खोक्यात घालून स्वारीच्या हातात ठेवली. साहेबाच्या बायकोला नाही म्हणण्याची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. संध्याकाळी स्वारी ते खोकं छातीशी धरून घरी आली आणि ओसरीवरच घुटमळत राहिली.

सासूबाईंनी आत डोकावून पाहिलं. ससा म्हणावा तर कान आखूड, उंदीर म्हणावा तर शेपूटच नाही. तपकिरी-पांढऱ्या ठिपक्यांचे दोन गोळे एकमेकांना चिकटून बसले होते.

"हे देवानं अर्धवट टाकलेलं काम दिसतंय," त्या म्हणाल्या. "माजघरात पाऊल पडता कामा नये. मागच्या पडवीत ठेवा."

मडमेनं स्वारीजवळ निरोप पाठवला होता तो असा : यांना हिरवा पाला द्यावा, भिजवलेलं धान्य द्यावं, आणि पाणी मुळीच देऊ नये. पाल्यातला ओलावा त्यांना पुरतो, वर पाणी पाजलं तर पोटं फुगून मरतात. साहेबाच्या घरचा शब्द तो, आम्ही वेदवाक्य मानला. तिच्या देशात पानं बारा महिने ओलीचिंब असतील, आणि आमच्या कल्याणात उन्हाळ्यात तोडलेली भाजी तासाभरात पापडासारखी होते, हा विचार कोणाच्याच डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

दोन्ही माद्याच होत्या, त्यामुळे वंश वाढण्याची भीती नव्हती. सासूबाई पहिले आठ दिवस पडवीत पाऊल टाकीनात. मग एक दिवस त्यांनी पाहिलं की ही जनावरं मासळीला तोंड लावीत नाहीत, अंडं खात नाहीत, फक्त पाला आणि हरभरे खातात. "अगं बाई, हे तर कुणी सोवळ्यातलं आहे गेल्या जन्मीचं!" असं म्हणून त्यांनी जो हात पुढे केला तो पुन्हा मागे घेतलाच नाही. परसातला शेवगा त्यांनी ओरबाडून काढला. पालक आणि माठ विकत घ्यायला लागल्या. त्यांच्या पाटल्या वाजल्या की खोक्यातून शीळ घातल्यासारखा आवाज यायचा, आणि सासूबाई लगबगीनं मागे जायच्या.

त्या वर्षी पौषात दोघींतली एक मेली. तीन दिवस अंग फुलवून, पाठीला कुबड काढून कोपऱ्यात बसली होती. पोट ढोलकीसारखं ताठ झालं होतं. थंडी बाधली असं सगळ्यांनी ठरवलं आणि तिला शेवग्याखाली पुरलं. उरलेलीला आम्ही नुसतं 'विलायती' म्हणू लागलो.

सासूबाईंची एकुलती एक मुलगी लग्न होऊन दूर देशावर गेली होती. दोन-दोन वर्षं तिचं तोंड दिसत नसे. दुपारी मामंजी झोपले, स्वारी कामावर असली, की सासूबाई पडवीत विलायतीसमोर बसून वाती वळायच्या आणि तिच्याशी बोलायच्या. मुलीची आठवण, माहेरचा आंबा, स्वतःच्या सासूचे छळ, सगळं. मी दाराआड भांडी पुसत ऐकायचे. माझ्याशी दिवसातून चार शब्द आणि त्या उंदराशी चाळीस. मला हेवा वाटायचा, हे खोटं कशाला बोलू? पण घरात कोणीतरी बोलतंय याचा आधारही वाटायचा. मी माहेरी ठाण्याला भरल्या घरात वाढलेले. इथली दुपारची शांतता मला खायला उठायची.

आता रांगोळीचं. रोज सकाळी सडासारवण झालं की दारात, तुळशीपाशी आणि मागच्या पडवीच्या उंबऱ्याशी रांगोळी घालणं हे माझं काम. फाल्गुन संपता संपता पडवीत, खोक्याच्या कडेच्या सारवलेल्या जमिनीवर, दुपारी पांढरी भुकटी दिसायला लागली. शिरगोळ्याच्या पांढऱ्या दगडाची रांगोळी बोटातून निसटून पडावी तशीच. सासूबाई रोज बघायच्या आणि रोज बोलायच्या.

"सूनबाई, हात आहे की चाळण?"

मी श्वास रोखून रांगोळी घालायला लागले. ठिपके मोजून, चिमूट घट्ट धरून. तरी दुपारी भुकटी आहेच. मग चैत्र लागला. आमच्याकडे चैत्रात महिनाभर गौर झोपाळ्यावर बसते, घरोघर हळदीकुंकू होतं, कैरीची डाळ, पन्हं आणि ओटीत भिजवलेले हरभरे. त्या हरभऱ्यांच्या राशी घरात येऊन पडतात, आणि त्या सगळ्या विलायतीच्या वाटीत जायला लागल्या. त्याच सुमाराला पांढऱ्या भुकटीजवळ एखादा लालसर ठिपका दिसायला लागला. चैत्रात लाल ठिपका म्हटल्यावर कोण दुसरं काय समजणार?

"आता कुंकूही सांडायला लागलीस," सासूबाई म्हणाल्या. मी आपली फडकं घेऊन पुसत राहिले.

आमच्या घरचं हळदीकुंकू ज्या दिवशी ठरलं, त्याच्या आदल्या सकाळी मला कावळा शिवला. म्हणजे काय ते बायकांना सांगायला नको आणि पुरुषांना कळत असूनही कळल्याचं ते दाखवत नाहीत. तीन दिवस मी मागच्या पडवीत. एक घोंगडी, एक तांब्या, एक पत्रावळ, आणि हातभर अंतरावर विलायतीचं खोकं. इतकी तयारी केलेली, पुरण वाटून हात भरून आलेले, आणि ऐन दिवशी मी बाहेर. आतून बायकांच्या हसण्याचे आवाज येत होते. मला रडू आलं, मग रडूचा राग आला, आणि मग करायला काहीच नाही म्हणून मी विलायतीकडे बघत बसले.

इतके महिने मी तिला पाला टाकत होते, पण कामाच्या घाईत तिच्याकडे धड पाहिलं नव्हतं. त्या दोन दिवसांत पाहिलं. ती शीळ घालीत नव्हती. हरभऱ्याला तोंड लावलं नव्हतं. थोड्या थोड्या वेळानं ती कोपऱ्यात जायची, मागचं अंग उचलायची, पाठ कमान करून तशीच थांबायची, आणि सुई टोचल्यासारखी बारीक किंचाळायची. मग दोनच थेंब. लगेच मागे वळून चाटायची. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तिच्या मागच्या पायांचे केस ओले होऊन पिवळे पडले होते, आणि वास असा की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दोन थेंब खोक्याच्या फटीतून जमिनीवर ओघळले. मी बघत राहिले. ऊन लागून ते वाळले, आणि तिथे पांढरी भुकटी उरली. बोटानं चोळून पाहिली तर कचकचीत.

मी दोन दिवस रांगोळीच्या डब्याला हात लावला नव्हता, आणि तरी रांगोळी सांडली होती.

पहिल्यांदा मला काय वाटलं असेल? आनंद! उठून आत जावं आणि हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायकांसमोर सासूबाईंना ती भुकटी दाखवावी, असं वाटलं. मग विलायतीनं पाठीला कुबड काढलं, अंग फुलवलं आणि डोळे अर्धवट मिटले, आणि मला पौषातली दुसरी आठवली. तीही अशीच बसली होती. माझा आनंद जागच्या जागी विरला.

तेवढ्यात बायका गेल्या आणि सासूबाई उरलेले हरभरे घेऊन मागच्या दाराशी आल्या. त्यांचं लक्ष जमिनीवर गेलं. खोक्याजवळ एक ताजा लाल डाग होता, माझ्या घोंगडीपासून हातभर दूर. त्यांचा चेहरा बदलला.

"घोंगडी सोडून हिंडलीस ना? काही लाजलज्जा? घरात गौर बसली आहे माझ्या!"

मला आजही तो क्षण आठवला की कानशिलं तापतात. आयुष्यात पहिल्यांदा ओठांवर आलेलं उत्तर मी गिळलं नाही.

"तो डाग माझा नाही," मी म्हटलं. "आणि ती रांगोळीही माझी नव्हती. एक जुनं पांढरं धोतर टाका इकडे, आणि तिथेच उभ्या राहा."

सासूबाई इतक्या चकित झाल्या की त्यांनी मुकाट्यानं मामंजींच्या जीर्ण धोतराचा तुकडा आणून लांबून टाकला. मी खोक्यात हात घातला. शिवू नये त्या दिवसांत मी त्यांच्या लाडकीला शिवले. खालचं गवत काढून मी धोतर अंथरलं आणि विलायतीला वर ठेवलं. मग आम्ही दोघी थांबलो, मी घोंगडीवर, त्या उंबऱ्याच्या आत. आतल्या खोलीत गौरीपुढची समई जळत होती.

विलायतीनं पाठ वाकवली. किंचाळली. धोतरावर दुधट पांढरे थेंब पडले आणि त्यांत लाल दोरा होता.

सासूबाईंच्या हातातली हरभऱ्याची वाटी खाली आली. मला वाटलं, आता चूक कबूल करतील. छे! ते त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आग होत असेल गं तिला. भयंकर आग होते." आणि तडक आत गेल्या.

परत आल्या त्या धणे-जिऱ्याचं पाणी घेऊन. पाठोपाठ जवाचं पाणी उकळत ठेवलं, आणि त्यात टाकायला मूठभर गोखरू काढलं. मला नवल वाटलं. जव समजू शकतो, पण गोखरू हे वैद्याकडचं औषध, ते काही हळदीसारखं घरोघर डब्यात भरून ठेवत नाहीत. पण विचारायला वेळ नव्हता.

"मडम पाणी देऊ नका म्हणाली होती," मी म्हटलं.

"मडम गेली विलायतेला!" सासूबाई म्हणाल्या. "आपण चैत्रात बसलोय. पाज."

पाजायचं कशानं? वाटीतून ती पीत नव्हती. सासूबाई पुन्हा आत गेल्या आणि देवघराशेजारच्या फडताळातून चांदीचं बोंडलं घेऊन आल्या. त्याच्या चोचीतून त्यांनी आपल्या तान्ह्यांना दूध पाजलं होतं. माझ्या लग्नानंतर त्यांनी ते मला एकदाच दाखवलं होतं, तेही हात न लावू देता. ते त्यांनी उंबऱ्यावर ठेवलं आणि माझ्याकडे सरकवलं. मी कोणत्या अवस्थेत बसले आहे ते त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी बोंडलं उचललं.

ती संध्याकाळ आणि रात्र आमची अशी गेली : हात माझे आणि हुकूम त्यांचे. त्यांचं गौरीचं सोवळं, त्यामुळे त्या उंबरा ओलांडीत नव्हत्या. आतून सांगायच्या. गालाच्या कडेनं घाल, घशात ओतू नको. थेंब थेंब. मान वर करू नको, ठसका लागेल. आता फडकं गरम करून पोटाला लाव, पण आधी आपल्या गालाला लावून बघ. ओलं अंग पुसून कोरडं कर, नाहीतर कातडी सोलेल. मीही ऐकवायचे, "लांबून सगळ्यांनाच जमतं." आणि गंमत म्हणजे त्या रागवायच्या नाहीत. एकदा तर हसल्याही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गवतवाली आली. ती डोंबिवलीहून येणारी आगरीण. डोंबिवली तेव्हा चार पाड्यांचं गाव होतं. भारा टेकवून तिनं खोक्यात पाहिलं, विलायतीला सरळ उचललं आणि दोन बोटांनी तिचं पोट मागच्या बाजूनं चाचपलं.

"खरा हाय आत," ती म्हणाली. तिच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो, खरा म्हणजे खडा. "आमचे बोकराला पन आसाच झाला व्हता. मुताला उभा ऱ्हायचा न् वरडायचा. काय खाया घालतास हिला?"

मी हरभऱ्याची वाटी दाखवली. पालक दाखवला. शेवग्याचा पाला दाखवला. ती कपाळाला हात लावून हसायला लागली.

"लारानं मारतास गो तिला! दाना बंद कर. नुसता गवात दे, न् पानी पाज. पानी पिल तवा खरा सुटल."

आतून सासूबाईंनी सगळं ऐकलं. चैत्रभर ओटीचे हरभरे आपल्या हातांनी त्यांनीच घातले होते. थोड्या वेळानं त्या उंबऱ्याशी आल्या तेव्हा डोळे लाल होते, आणि त्यांनी गवतवालीकडून कोवळ्या हरळीची वेगळी जुडी मागून घेतली.

दुपारी विलायतीनं पाणी स्वतःहून चाटलं. मला हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. ती कोपऱ्यात गेली, कमान केली, आणि या वेळी किंचाळणं थांबेचना. मी उचलून पाहिलं. लघवीच्या वाटेच्या तोंडाशीच काहीतरी पांढरं अडकलं होतं. ती सारखी वळवळत होती. धरू तर दुसरं काही करता येईना, करू तर धरता येईना.

"सासूबाई, एकटीला नाही होत!" मी ओरडले.

मी वर पाहिलं तर त्या उंबऱ्याच्या अलीकडे होत्या. सोवळ्यातलं पातळ तसंच, हातात कोमट तुपाची वाटी. त्यांनी खाली माझ्या घोंगडीवर मांडी घातली, विलायतीला माझ्या हातातून घेतलं आणि आपल्या मांडीवर पदरात घट्ट गुंडाळलं.

"तुम्हांला शिवाशिव..."

"विहीर आटली नाहीये अजून. आंघोळ करीन. तू तूप लाव."

मी तूप लावलं. दाबायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं तूप लावून थांबायचं, असं त्या सांगत होत्या आणि एका हातानं तिच्या पाठीवरून सावकाश हात फिरवत होत्या. "कर गं बाई, कर, मोकळी हो," असं तान्ह्या पोरीला म्हणावं तसं म्हणत होत्या. विलायतीनं एकदा जोर केला, दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा माझ्या तळहातावर टपकन काहीतरी पडलं आणि मागोमाग धार. सासूबाईंचं पातळ भिजलं, माझी घोंगडी भिजली, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसायला लागलो. मामंजी आतून विचारत होते, काय झालं, काय झालं.

तो खडा ज्वारीच्या दाण्याएवढा होता. पांढरा, खरखरीत. विलायती खोक्यात गेली, अंग झाडलं, आणि जरा वेळानं हरळीची एक काडी ओढून चघळायला लागली. मला तेव्हा खरंच रडू आलं, आणि या वेळी त्याचा राग आला नाही.

सासूबाईंना आता आंघोळ केल्याशिवाय घरात जाता येत नव्हतं. न्हाणीतलं पाणी तापेपर्यंत त्या माझ्याशेजारी, त्याच घोंगडीवर बसून राहिल्या. लग्न होऊन मला तीन वर्षं झाली होती. इतक्या जवळ त्या कधी बसल्या नव्हत्या. खडा त्यांनी तळहातावर घेतला होता आणि बोटानं इकडेतिकडे लोटत होत्या.

"एवढ्याशानं एवढं होतं," त्या म्हणाल्या.

मग खड्याकडे बघतच म्हणाल्या, "मलापण होतं गं. अशीच आग. चार वर्षं झाली. मधूनमधून लालही जातं."

मला एकदम सगळं उलगडलं. गोखरू घरात कसं, तेही. "वैद्यांना दाखवलंत?"

"त्यांना काय सांगू, आणि कोणत्या तोंडानं? निरोप धाडला, आमच्या घरात यांना उन्हाळी लागलीय, औषध द्या. त्यांनी गोखरू दिलं." मग म्हणाल्या, "तेव्हापासून वैद्यबुवा देवळात भेटले की तुझ्या मामंजींना विचारतात, जळजळ कशी आहे? आणि हे म्हणतात, वैद्यबुवांना म्हातारचळ लागला."

मी पदर तोंडात कोंबला. त्याही हसल्या, पण लगेच थांबल्या. मी दोन दिवस एका मुक्या जनावराकडे बघत बसले होते. काय खातं, किती वेळा जातं, रंग कसा, हे बघायची मला सवयच लागली होती. तेच मी त्यांना विचारलं. पाणी किती पिता?

"सकाळी एक पेला. मग दिवेलागणीला."

"चैत्रात? का?"

त्यांनी नुसतं परसाकडे बोट केलं. आणि मला विचारल्याची लाज वाटली, कारण उत्तर मलाही पाठ होतं. आमच्या परसामागची मोकळी जागा आगगाडी आल्यापासून गाडीतळ झाली होती. स्टेशनावर माल नेणाऱ्या बैलगाड्या दिवसभर तिथे सुटायच्या, गाडीवान सावलीला बसून विड्या ओढायचे. मध्ये फक्त निवडुंगाचं विरळ कुंपण. न्हाणीत सोवळ्याचं पाणी तापायचं, तिथे लघवीला बसण्याचं तर नावच नको. घरातल्या बायकांनी जायचं ते उजाडायच्या आत नाहीतर अंधार पडल्यावर. मधे जायला लागू नये म्हणून मधे प्यायचंच नाही. सासूबाई हे वीस वर्षं करत होत्या. मी तीन वर्षं. कोणी शिकवलं नव्हतं, बघून शिकले होते.

मडमेच्या एका शब्दावर विलायतीला पाणी बंद केलं म्हणून मी मनातल्या मनात मडमेला शिव्या घालत होते. सासूबाईंना पाणी बंद कोणी केलं होतं?

चौथ्या दिवशी न्हाऊन मी घरात आले आणि पहिलं काम केलं ते स्वारीला सांगण्याचं, की विलायतीला पडवीत ऊन लागतं, तिचं खोकं परसात शेवग्याखाली हलवायला हवं, आणि भोवती नारळाच्या विणलेल्या झापांचा उंच आडोसा हवा, नाहीतर गाडीवानांची कुत्री तिला खातील. खोकं एवढंसं. आडोसा मात्र मी चांगला ऐसपैस मागितला, आत आडभिंतीसारखी आणखी एक झाप, आणि खाली पाणी वाहून जायला चर. स्वारीनं माझ्याकडे पाहिलं. उंदराला चर कशाला, असं विचारायचं त्यांच्या मनात होतं. पण माणूस समंजस. दोन दिवसांत आडोसा उभा राहिला.

विलायती पुढे चांगली तीन वर्षं जगली. आम्ही तिचं सगळं नीट शिकलो. पोटभर गवत आणि हरळी, कोथिंबिरीची काडी, आवळ्याच्या दिवसांत आवळ्याची फोड, सणाला दोन हरभरे आणि तेवढेच. मातीच्या परळात पाणी, दिवसातून दोनदा बदललेलं. दर आठवड्याला मी खोक्यात पांढरं फडकं घालून बघायचे. या जनावरांचं मूत निरोगी असतानाही जरा दुधट असतं, हे तेव्हा कळलं. वाळून त्याची भुकटी कचकचीत झाली किंवा रंग लालसर दिसला, की मी जवाचं पाणी चुलीवर चढवायचे. मोठ्या पातेल्यात चढवायचे. त्यातलं बोंडलंभर विलायतीला, आणि उरलेल्याचे दोन पेले भरून एक सासूबाईंपुढे, एक माझ्यापुढे. सासूबाईंची आग पहिल्या पावसाच्या आत थांबली. माझ्या रांगोळीबद्दल त्यांनी पुन्हा अवाक्षर काढलं नाही, पोळीच्या कडांबद्दल मात्र शेवटपर्यंत काढलं.

मामंजींना कोणीच काही सांगितलं नव्हतं. वैशाखातल्या एका भर दुपारी ते ओसरीवर पंखा घेत बसले होते. सासूबाई माजघरात आल्या, माठातून तांब्या भरला, आणि तिथेच उभ्यानं घटाघटा सगळा रिकामा केला. मग पदरानं तोंड पुसून हरळीची जुडी उचलली.

"आता पुन्हा निघालात परसात?" मामंजी म्हणाले. "सकाळपासून किती वेळा चारा घालता त्या उंदराला?"

"तहान लागते त्याला," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चल गं, तूही चल."